हायफनच्या अलीकडचा तुकडा: उपसर्ग की शब्द?

कॉपीएडिटिंगला लागले तेव्हा पहिल्याच इंग्रजी पुस्तकात माझी अर्धा डझन शीर्षकं चुकली. काम शिकागो मॅन्युअल या इंग्रजी लेखन-संपादनाच्या नियमपुस्तकाच्या १७व्या आवृत्तीप्रमाणे होतं. त्यातला नियम असा: शीर्षकातल्या हायफनवाल्या शब्दात पहिला तुकडा निव्वळ उपसर्ग असेल, तर दुसऱ्या तुकड्याचं पहिलं अक्षर लहान. तो स्वतंत्र शब्द असेल, तर मोठं. म्हणजे ‘अँटी-इंटलेक्चुअल’मधला दुसरा आय लहान, ‘सेल्फ-सस्टेनिंग’मधला दुसरा एस मोठा. (विशेषनामाचं अक्षर मात्र कायम मोठं, ‘नॉन-ख्रिश्चन’मधला सी पाहा.)

मी ‘सेल्फ’ला उपसर्ग धरून बसले होते. कोशातही तो शेवटी हायफन लावून वेगळा दिलेला असतो, त्यामुळे खात्रीच वाटली. पण इथे प्रश्न साधा असतो: हा तुकडा एकटा वाक्यात उभा राहतो का? ‘सेल्फ’ राहतो, ‘अँटी’ला सहसा आधार लागतो. आपला ‘अति’ आठवा. ‘अतिवृष्टी’त तो उपसर्ग, आणि ‘अति तिथे माती’त खुशाल एकटा.

मात्र एकटा उभा राहिला तरी अर्थ तोच हवा. ‘व्हाइस’ स्वतंत्र आहे, पण तेव्हा तो दुर्गुण असतो. कुलगुरूंच्या व्हाइस-चान्सेलर या पदनामाशी त्याचा संबंध नाही. (पदनामात दोन्ही अक्षरं मोठी लिहितात, ती वेगळी रूढी.) ‘एक्स’चंही तसंच. एकटा असला की पूर्वीचा जोडीदार, ‘एक्स-प्रेसिडेंट’मध्ये नुसता ‘माजी’.

हायफनवरून काही ठरवू नका, हे मला सर्वांत उशिरा कळलं. ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा सही करणं, हायफन काढला की राजीनामा. पहिल्यात ‘री’ हा उपसर्ग आहे तो अर्थामुळे, आडव्या रेघेमुळे नव्हे. ‘ई-मेल’मधला हायफन असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने २०११ साली काढला, म्हणून त्यातला ‘ई’ बदलला का? इलेक्ट्रॉनिकचं आद्याक्षर होता, तोच राहिला.

अडलं की मी आधी प्रकाशकाची हाउस स्टाइल, म्हणजे त्याचे स्वतःचे लेखननियम, बघते, कारण एपीएसारख्या (अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनच्या) पद्धतीतही ‘सेल्फ-रिपोर्ट’चा आर मोठा असतो, पण तिथलं कारण वेगळं आहे: हायफनवाल्या शब्दाचे दोन्ही मुख्य तुकडे मोठ्या अक्षराने. निर्णय झाला की लगेच स्टाइल शीटमध्ये, म्हणजे त्या पुस्तकापुरत्या निर्णयांच्या यादीत, नोंद. नाहीतर तिसऱ्या प्रकरणात लहान केलेलं अक्षर नवव्यात मोठं होतं, आणि लेखक नेमकं तेच शोधून काढतात.