उन्हाळ्यात घाट चढताना दोन बाटल्या हव्यातच

सपाट रस्त्यावर सायकलला वारा लागतो, घाम लगेच सुकतो आणि ऊन फारसं जाणवत नाही. खरी परीक्षा चढावर. वाईहून पसरणी घाट चढताना वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, वारा पडतो, डांबराची धग खालून येते आणि अंग तापतच जातं. म्हणून एप्रिल-मेमध्ये घाट गाठायचा तो उजाडता उजाडता. नऊच्या पुढे चढ नकोच.

सायकलवर दोन बाटल्या लावा. एकीत लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हवं तर लिंबू पिळा. मीठ अंदाजाने वाढवू नका. दुसरीत साधं पाणी, पिण्यासाठी आणि मानेवर, डोक्यावर ओतण्यासाठी. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. पण उगाच लिटरच्या लिटर साधं पाणीही ढोसू नका, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं.

उन्हात अंगावर काटा आला, गरगरलं किंवा बोलणं अडखळलं, तर शर्यत असली तरी उतरा, सावली गाठा, कपडे भिजवा. बरळायला लागलेल्या सोबत्याला मात्र थेट १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.