घरच्या बागेतला कांदा टिकवायचा कसा

रोपे ६ ते ८ आठवड्यांची झाली की १० सेंटिमीटर अंतरावर लावा. खोल लावू नका. मान, म्हणजे कांद्यातून पात निघते तो भाग, मातीत गाडली गेली तर कांदा पोसत नाही. मुळे उथळ असतात, म्हणून पाणी थोडे पण नियमित.

निम्म्या झाडांच्या माना पडल्या की पाणी तोडा आणि आठवड्याभराने कांदे उपटा. पात मुद्दाम मोडू नका, जखमेतून कूज शिरते. खरी कसोटी सुकवण्यात आहे. पातीसकट, हवेशीर सावलीत, एका थरात पसरून २ ते ३ आठवडे ठेवा. मान चिमटीत दाबल्यावर ओलसर, मऊ लागली तर अजून थांबा. मगच २ ते ३ सेंटिमीटर मान ठेवून पात कापा. जाड मानेचे, जोड आणि डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले कांदे टिकत नाहीत. ते आधी स्वयंपाकात वापरा.