पॉवर बीआयच्या एपीआयला स्क्रिप्ट जोडण्याआधी

पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टचं टूल, आणि स्क्रिप्ट त्याच्याशी बोलते ती एपीआयमधून. पण कोड नंतर. आधी एंट्रा आयडीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेत (जुनी अझ्युर एडी), स्क्रिप्टसाठी ॲप रजिस्टर करून टेनंट आयडी (संस्थेचा) आणि क्लायंट आयडी (ॲपचा) कॉपी करा. यात सांगण्यासारखं काही नाही. क्लायंट सीक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, बनवताना मात्र नीट बघा. ‘व्हॅल्यू’ आणि ‘सीक्रेट आयडी’ शेजारीशेजारी दिसतात. हवी ती व्हॅल्यू. पान सोडलं की ती पुन्हा दिसत नाही, मग नवं सीक्रेट काढत बसा. मुदत फार तर 24 महिने. संपायची तारीख टीमच्या कॅलेंडरात टाका, स्वतःच्या नको. तोवर तुम्ही त्या टीममध्ये असालच असं नाही. सीक्रेट गिटमध्ये जाऊ देऊ नका, हे सांगायला लागू नये.

मग पॉवर बीआयच्या ॲडमिनला गाठा. सर्व्हिस प्रिन्सिपलना, म्हणजे स्वतःच्या ओळखीने लॉगिन करणाऱ्या ॲपना, एपीआय वापरू देणारं सेटिंग ॲडमिन पोर्टलमध्ये असतं आणि ते त्यांच्याच हातात. सगळ्यांसाठी खुलं करायला ते सहसा तयार होत नाहीत, म्हणून एक सिक्युरिटी ग्रुप बनवून ॲप त्यात घाला आणि ग्रुपचं नाव कळवा. ‘केलंय’ असं उत्तर आल्यावरही 15 मिनिटं थांबा. बदल लागू व्हायला तेवढा वेळ लागू शकतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते: ॲपला वर्कस्पेसमध्ये, म्हणजे रिपोर्ट आणि डेटा ठेवायच्या सामायिक जागेत, घ्या. ॲडमिनच्या सेटिंगने फक्त फाटक उघडतं, खोलीची किल्ली वेगळी. मागच्या वेळी हेच राहिलं आणि मी भलतीकडे, टोकनमध्येच (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता पास), चूक शोधत बसलो. कारण एरर येतच नाही! वर्कस्पेसची यादी मागितली की स्टेटस 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, आणि उत्तरातल्या ‘व्हॅल्यू’पुढे नुसता रिकामा चौकटी कंस. म्हणून वर्कस्पेसच्या ‘मॅनेज ॲक्सेस’मध्ये जा, ॲपचं नाव शोधा, रोल द्या. डेटा रिफ्रेश करायचा असेल तर व्ह्यूअर हा रोल पुरत नाही. एंट्रात ‘एपीआय परमिशन्स’च्या खुणा करत बसू नका, सर्व्हिस प्रिन्सिपलला वर्कस्पेस त्या खुणांनी मिळत नाही. ‘माय वर्कस्पेस’मधला रिपोर्ट तर त्याला दिसणारच नाही, तो आधी हलवा. आणि टेस्टिंगची वर्कस्पेस वेगळी, प्रॉडक्शनची वेगळी. एकीत घेतलं म्हणून दुसरीत आपोआप येत नाही. दोन्हींत घ्या. घेतलं का? उघडून बघा.

टोकन मागताना स्कोप (टोकन कुठल्या सेवेसाठी ते) पॉवर बीआयचाच हवा, शेवटी ‘डॉट डिफॉल्ट’. ग्राफच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या एपीआयच्या, स्कोपचं टोकनही झकास मिळतं, पण पॉवर बीआय ते घेत नाही, 401 (ओळख नामंजूर) देतं. टोकन साधारण तास-सव्वा तास टिकतं. लांबलचक काम असेल तर मध्येच नवं घ्यायची सोय कोडमध्ये ठेवा.

रिफ्रेशला 202 आलं म्हणजे विनंती पोचली, रिफ्रेश झाला असं नव्हे, हिस्टरी तपासा. पॉवर बीआयचा प्रीमियम प्लॅन नसेल तर दिवसाला फार तर 8 रिफ्रेश. एपीआयने डेटा वाचताना क्वेरीमागे फार तर 1 लाख ओळी, त्यापुढे तुकडे करा. 429 (फार विनंत्या झाल्या) आलं तर उत्तरातल्या ‘रिट्राय आफ्टर’मध्ये जितके सेकंद दिलेत तितके थांबा, लूपमध्ये आपटत राहू नका.