नाव घातलं, आता पोर साध्या शाळेत टिकवायचं कसं

आपल्याकडे एक वाक्य अगदी ठरलेलं आहे, "आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुम्ही त्याला स्पेशल शाळेत का नाही घालत?" दिव्यांग मुलाच्या आईबापांनी हे एकदा तरी ऐकलेलं असतंच आणि कितीतरी जण तिथूनच मागे फिरतात. फिरायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "बरं सर, एवढं लेखी द्या." लेखी म्हटलं की सूर बदलतो, कारण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा फक्त सरकारी शाळांना नाही तर मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला लागू आहे, म्हणजे भरमसाट फी घेणारी इंग्लिश मिडियमपण आली त्यात, आणि कायद्यात सरळ लिहिलंय की भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत वापरता येईल अशी करा आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, निवड घरच्यांची. शिवाय आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, मुलाची टेस्ट, मुलाखत वगैरे घेऊन प्रवेश ठरवता येत नाही, पहिल्यांदा तसं केलं तर २५ हजारापर्यंत दंड आहे. याच कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित गटात येतं आणि त्या गटाला उत्पन्नाची अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

(स्पेशल शाळा वाईट असं मी म्हणत नाहीये. खुणांच्या भाषेत वाढलेल्या कर्णबधिर मुलाला स्वतःसारखी चार मुलं भेटणं फार मोलाचं असतं. पण तो निर्णय घरच्यांनी घ्यायचा, हेडमास्तरांनी नाही.)

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. डिस्लेक्सियासारख्या एलडीचं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखनात वगैरे येणारी अडचण) सर्टिफिकेट मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावरच मिळतं, मुंबईत सायन, नायर, केईएम हॉस्पिटलात त्याची सोय आहे. पण कार्ड येईपर्यंत मूल घरी बसवू नका, शाळा आणि कार्ड दोन्ही बरोबरीने चालू दे.

खरी गंमत प्रवेशानंतर सुरू होते. हजेरीपटावर नाव असतं, पोर मात्र मागच्या बाकावर नुसतं बसून असतं, आणि पालक दर भेटीत एकच सांगतात की बाई जरा लक्ष द्या हं त्याच्याकडे. "लक्ष द्या" यातून काहीही होत नाही. पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंनी त्याचं नेमकं करायचं काय? मागायचं ते छोटं, नेमकं आणि लेखी मागा. म्हणजे साधारण असं:

प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता चौथीतील माझ्या मुलीसाठी वर्गात सोय करण्याबाबत. महोदय, माझ्या मुलीला कमी दिसते. तरी तिला पहिल्या बाकावर बसवावे. फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी ते मोठ्याने वाचावे. चाचणीचा पेपर तिला मोठ्या अक्षरात द्यावा. महिन्याभराने याचा काय उपयोग झाला ते आपण एकत्र बसून पाहू. आपली विश्वासू.

बास, एवढंच. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मोठ्या अक्षरांचा पेपर म्हटलं की शाळा घाबरते, पण तो साध्या ए फोर पेपरची ए थ्रीवर झेरॉक्स काढूनपण होतो, १२ पॉइंटचं अक्षर जवळपास १७ चं होतं, खर्च काही रुपये. आणि पहिल्या बाकावर बसवून सुटलो असं समजू नका, एकदा स्वतः तिच्या जागेवर बसून बघा, कारण खिडकीचा उजेड फळ्यावर पडून चकाकत असेल तर पहिला बाक काय आणि शेवटचा काय.

शिक्षकांसाठी पण थोडं, कारण तुम्हाला कोणी नीट शिकवलेलं नसतं हेही खरंच. ऐकू कमी येणारं मूल असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. "समजलं का?" विचारू नका, ते "हो"च म्हणणार, त्यापेक्षा "आता काय करायचंय ते मला सांग" म्हणा. अंध मूल वर्गात असेल तर "हे यात मिळवायचं आणि इथे लिहायचं" असं न बोलता आकडे तोंडाने म्हणा. ऑटिझम असलेल्या मुलाला दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून बाकावर चिकटवून द्या, आणि १५ ऑगस्टच्या लेझीम-ढोलाची प्रॅक्टिस सुरू होणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, आवाज सहन नाही झाला तर कुठे जाऊन बसायचं ती जागापण दाखवून ठेवा. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नसलेल्या) मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही, पायाखाली लाकडी पाट ठेवा, पेन्सिलला रबरी नळी चढवून जाड करा, दहापैकी पाच उत्तरं तोंडी घ्या. बौद्धिक दिव्यांग मुलाला तोच धडा, पण त्याचं टार्गेट वेगळं, वर्ग भागाकार करतोय तेव्हा ते वीस रुपयांतून बारा गेले तर किती परत मिळतील ते करेल, चालतं.

एकट्याने सगळं करायचं नाहीये. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा. संख्या कमी आहे मान्य, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्याच्या वर पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलंय आणि प्रत्यक्षात एकेक जण शाळांमागून शाळा फिरत असतो. तरी बोलवा, मागणीच नसेल तर पदं भरणार कोण. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, मुलींना महिन्याला २०० रुपये, हे पण तिथूनच, शाळेने यादी पाठवली तरच. यादीत नाव गेलंय का ते बघून या.

आता इमारत. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. शाळेला दोन पायऱ्या असतील तर साधारण एक फूट, म्हणजे रॅम्प बारा फुटाचा पाहिजे आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. बऱ्याच ठिकाणी चार फुटाची घसरगुंडी बांधून फोटो काढून मोकळे झालेले असतात, त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला देव. टेप घेऊन जा, मोजा, आकडा अर्जात लिहा. आणि रॅम्पपेक्षा आधी संडास बघा, हे कोणी बोलत नाही. दाराला उंबरा, आत धरायला काही नाही, व्हीलचेअर आत वळत नाही, मग मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि वयात आली की शाळा सोडते, आणि आपण म्हणतो अभ्यासात गोडी नव्हती. भिंतीला धरायला एक दांडी, बाहेर उघडणारं दार आणि एक कमोड, एवढं आधी मागा.

पैसे कुठून आणायचे? ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा की गेल्या वर्षी ते कशावर गेले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात स्वतःचं नाव द्या, तुमचं मूल दिव्यांग नसलं तरी द्या. खरं तर तुम्हीच द्या, कारण त्या मुलाच्या आईने सगळीकडे एकटीनेच भांडायचं का? ऐकलंच नाही कोणी तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त, प्रत्येक वेळी आधीची पोच जोडून.

पीटीचा तास हा माझा राग येण्याचा विषय आहे. सगळी मैदानात आणि हे पोर दप्तरं सांभाळत बसलेलं, किंवा कायमचा अंपायर. नियम थोडा वाकवला तर काय बिघडतं, लगोरीत त्याला जवळच्या रेषेवरून मारू दे, क्रिकेटमध्ये दुसरा पळेल. मुलंच नियम काढतात, त्यांना फक्त विचारावं लागतं. सहलीच्या वेळी "तुम्ही नका पाठवू, त्रास होईल त्याला" असा फोन आला तर कोणत्या गोष्टीचा त्रास ते विचारा, बहुतेक वेळा बसची पायरी किंवा संडास एवढंच निघतं आणि त्यावर उपाय असतो. आणि मदतीला एकच हुशार मुलगी कायमची जोडून देऊ नका, आठवड्याला बदला, नाहीतर तिची मैत्री न राहता ड्यूटी होते.

दहावीचं मात्र नववीतच सुरू करा. बोर्डाच्या सवलती शाळेमार्फत मागायच्या असतात, तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते पेपरात लिहून देणारा), आणि दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे बाकीचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. ओळखीतलं नववीचं मूल असेल तर त्याच्या घरच्यांना आत्ताच विचारा, परीक्षेच्या तोंडावर कोणी मिळत नाही. नुसता मिळून भागत नाही, दोघांनी मिळून निदान सराव परीक्षा तरी द्यायला हवी, कारण सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, "खोडून परत लिही" म्हणायला मुलं लाजतात, गणिताच्या पायऱ्या किती हळू सांगायच्या ते कळत नाही, जोडाक्षरात लेखनिक चुकतो आणि मार्क दुसऱ्याचे जातात. ऐनवेळी तो आजारी पडला तर काय करायचं हेही शाळेला आधीच विचारून, दुसऱ्या एकाचं नाव देऊन ठेवा.