थायरॉईड रिसेप्टरमधील बदलाचा जनुकीय अहवाल कसा वाचावा

अहवाल हाती आला की नजर प्रथम ‘बदल आढळला’ या शब्दांवर खिळते. ती तेथून उचलून आधी जनुकाच्या नावावर न्यावी. रिसेप्टर म्हणजे थायरॉईड हार्मोन धरून त्याचा संदेश पेशीला पोचवणारे प्रथिन; त्याचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार आहेत. नाव टीएचआरए असेल तर बदल अल्फा रिसेप्टरमध्ये आहे, जो मुख्यतः हृदय, स्नायू, हाडे आणि आतडी यांत काम करतो. टीएचआरबी असेल तर बदल बीटा रिसेप्टरमध्ये आहे आणि त्याची मुख्य ठिकाणे म्हणजे यकृत व रक्तातील हार्मोनवर पहारा ठेवणारी पीयूषिका ग्रंथी. पेशीतील ऊर्जेचे गणित कोठे बिघडले असेल, हे या एका अक्षराच्या फरकावरून बरेचसे कळते.

हा रिसेप्टर पेशीकेंद्रकात डीएनएला चिकटलेला असतो. टी३, म्हणजे थायरॉईडचे पेशीत प्रत्यक्ष काम करणारे हार्मोन, नसताना तो काही जनुकांना दाबून ठेवतो. टी३ येऊन जोडले की तो दाब सुटतो आणि तंतुकणिकांची (पेशीतील ऊर्जाकेंद्रांची) संख्या व काम वाढवणारी प्रथिने तयार होऊ लागतात. त्याच वेळी सोडियम-पोटॅशियम पंपही वाढतात, म्हणजे एटीपीची (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची) निर्मिती आणि उधळपट्टी दोन्ही एकदमच वाढतात. सदोष रिसेप्टर मात्र टी३ नीट धरत नाही आणि जागाही सोडत नाही. म्हणून दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असली तरी ती चांगल्या प्रतीचेही काम अडवते.

यानंतर अहवालाशेजारी रक्ततपासणीचा कागद ठेवावा. बीटा रिसेप्टर बिघडलेला असता पीयूषिकेला हार्मोनची चाहूलच लागत नाही; टी४ (थायरॉईडचे दुसरे हार्मोन, ज्यापासून टी३ बनते) व टी३ वाढलेले असूनही टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे पीयूषिकेचे हार्मोन, खाली येत नाही. हृदयातील अल्फा रिसेप्टर धडधाकट असल्याने वाढीव हार्मोनचा सगळा मारा त्याच्यावर होतो, नाडी जलद चालते आणि विश्रांतीतही ऊर्जेचा खर्च अधिक राहतो, तर यकृत त्याच रक्तात असूनही थंड पडलेले असते. १९६७ साली प्रथम वर्णन झालेला हा विकार सुमारे ४० हजारांत एकास आढळतो. अल्फाचा विकार २०१२ पर्यंत नजरेतून निसटला, कारण त्यात टीएसएच बहुधा ठीकच दिसते. टी४ खालच्या बाजूला, टी३ वरच्या बाजूला, नाडी संथ आणि बद्धकोष्ठता, अशा खुणा एकत्र पाहाव्या लागतात.

बदलापुढे ‘अनिश्चित अर्थाचा’ असे लिहिले असेल, तर केवळ त्यावरून उपचार बदलू नयेत. पालक व भावंडांची तीच जनुकीय तपासणी आणि टी४, टीएसएच करून घ्यावे. बदल आणि बिघडलेले आकडे कुटुंबात बरोबरीने चालत असतील तर संशय बळावतो. रक्त देण्याआधी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे हे आकडे चुकीचे येतात. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वाढलेला टी४ पाहून टीएसएचकडे दुर्लक्ष करणे आणि निरोगी थायरॉईड ग्रंथीच काढून टाकणे. टीएसएच स्रवणारी पीयूषिकेची गाठही जवळपास असेच आकडे दाखवते. त्यामुळे अंतःस्रावतज्ज्ञांना भेटताना जनुकीय अहवालासोबत नातेवाइकांचे आकडेही न्यावेत.