पाटणच्या शिलालेखाचे फोटो काढायला जाताय? आधी बॅटरी घ्या

घरात आजारी माणूस असलं की लांबचे दौरे विसरायचे, तीन-साडेतीन तासांत जाऊन परत येता येईल तेवढंच आपलं. मी चाळीसगावला, म्हणजे माझ्यासाठी पाटणादेवी (जवळच्या पाटणचं देवीचं देऊळ), नाहीतर वाघळी गाव. मागच्या वेळी पाटणच्या देवळातल्या शिलालेखाचे चाळीसेक फोटो काढून आणले आणि घरी मोठे करून बघते तर एकातही ओळ धड लागेना. पुढचा मोकळा रविवार मिळायला चार महिने गेले. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी घर. आप्पांजवळ, म्हणजे सासऱ्यांजवळ, कोण बसणार ते आदल्या रात्रीच पक्कं करते, "बघू सकाळी" यावर अजिबात विसंबू नका. नणंद येते माझी, तिला गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून देते, कारण डोंगराकडे गेलं की फोन लागेलच असं नाही. मंगळवार, शुक्रवार, नवरात्र टाळा, गर्दीत भिंतीपाशी उभंही राहता येत नाही. चार्जिंग, मोबाइलमध्ये जागा, पाणी हे सांगायला नको.

आता बॅटरी. हातात धरायची बॅटरी, टॉर्च. मला वाटलं मोबाइलला आहे की, पण फोटोही त्याच मोबाइलने काढायचा होता आणि त्याचा लाइट कॅमेऱ्याला चिकटूनच असतो, उजेड समोरून पडतो आणि कोरलेलं अक्षर सपाट होऊन जातं. कोरीव अक्षर दिसतं ते सावलीमुळे. उजेड बाजूने, जवळजवळ भिंतीला घासून यायला पाहिजे, तेव्हा खाचेत सावली बसते. म्हणून बॅटरी वेगळी हवी आणि ती धरायला दुसरं माणूस हवं, मी आता लेकीला नेते. एक फोटो डावीकडच्या उजेडात, एक उजवीकडच्या, एक वरच्या, कारण बाजूच्या उजेडात आडव्या रेघा हरवतात आणि वरच्या उजेडात उभ्या. मोबाइल जागचा हलवायचा नाही, बॅटरी फिरवायची. फ्लॅश बंद. आणि बॅटरीचे सेल घरीच तपासा, चपलांशेजारी ठेवा रात्री, पण घ्या.

एवढा जीव तुटतो कारण लेखच तसा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (मुक्ताबाईंचे चांगदेव ते वेगळे), यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे सिद्धांतशिरोमणी वगैरे गणित-ज्योतिषाचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याची नोंद आहे ही, शके ११२८ ची, म्हणजे इ.स. १२०६-०७. बहुतेक लेख संस्कृत, पण शेवटी जुनी मराठी आहे, "इयां पाटणीं" अशी, इथल्या बाजारात येणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यात आहे. मला नेमक्या त्याच ओळी लेकीला वाचून दाखवायच्या होत्या आणि त्याच आल्या नाहीत. एका बॅटरीपायी.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, चुना, पाणी, तेल काहीही लावायचं नाही. नाही म्हणजे नाही, आठशे वर्षं टिकलेला दगड आहे तो. पुजाऱ्यांना आधी विचारा, दर्शनाला लोक आले की बाजूला व्हा. जवळचं महादेवाचं हेमाडपंती देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून तो घरीच ठेवा. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंती सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, तिथे सूर्यच बॅटरीचं काम करतो, बारा वाजता सगळं चपटं.

निघायच्या आधी एक फोटो तिथेच मोठा करून ओळ वाचून बघा. तिथेच, घरी येऊन नाही. नाही लागली तर बॅटरी अजून तिरपी धरा आणि परत काढा.

घरी आल्यावर फोटो लगेच कॉपी करा, सोबत गावाचं नाव, तारीख, उजेड कुठून होता ते लिहून ठेवा. बाकी सावकाश. वाघळीला शके ९९१ चा लेख आहे, तिथेही हेच सगळं. बॅटरी घेतली ना?