मेणबत्तीचे प्रयोग करताय? आधी बरण्या मोजा

मुलांना घेऊन मेणबत्तीचे प्रयोग करायचे तर मेणबत्त्या, ताटल्या, काडेपेटी लागते हे सांगायला नको. काडेपेट्या मात्र दोन ठेवा, पावसाळ्यात एखादी सादळलेली निघतेच.

खरी गोची बरण्यांची. लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापं आणि प्रत्येक मापाच्या किमान तीन. हो, नऊ. मागच्या वेळी मी प्रत्येक मापाची एकेकच नेली होती. जळून झालेली हवा बरणीत तशीच राहते. तीच बरणी पुन्हा पालथी घातली की पुढच्या मुलाची मेणबत्ती आधीच विझते आणि ‘मोठ्या बरणीत जास्त वेळ जळते’ हे आपण ठासून सांगितलेलं तोंडावर आपटतं. मुलं सेकंद मोजत असतात, त्यांना काही गुंडाळता येत नाही.

त्यासाठी पुण्यातल्या बोहरी आळीचा बाजार गाठायची गरज नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाका, जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ढिगाने येतील. माप एकच आहे ना, ते पाणी ओतून बघा, मग खडखडीत वाळवा. पातळ काचेचे ग्लास नकोत, तडकतात. तरीही बरण्या कमी पडल्याच, तर प्रत्येक वेळी बरणी उलटी-सुलटी करून पुठ्ठ्याने आत चांगला वारा घाला. म्हणजे पुठ्ठाही यादीत आला.

ताटलीत पाणी घेऊन, त्यात मेणबत्ती उभी करून वर बरणी पालथी घालायचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. खाण्याचा रंग चिमूटभर घाला, पाणी लांबून दिसतं. पण ‘ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी चढलं’ असं कृपा करून सांगू नका. नीट बघा: ज्योत असताना पाणी जेमतेम हलतं, विझल्यावर सरसर चढतं. तापून फुगलेली हवा आधी कडेने बुडबुडे काढत निसटते. ज्योत गेली की उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत रेटतो. मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढेल. बरणीतला ऑक्सिजन तर तेवढाच होता. आणि दर खेपेला ताजी बरणी! परत सांगतोय, कारण नेमकं इथेच विसरायला होतं.

उंच आणि बुटकी मेणबत्ती एकाच मोठ्या बरणीखाली ठेवली तर उंच आधी विझते. गरम कार्बन डायऑक्साइड वर जमतो. पैजा लावू द्या. यालाही वेगळी बरणी.

विझल्या विझल्या निघणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी दाखवली की ज्योत उडी मारून वातीवर येते, कारण तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. पंखा बंद, नाहीतर काही दिसणार नाही.

काडी मोठ्यांनीच ओढायची. केस बांधलेले, ओढण्या आणि नायलॉनचे फ्रॉक लांब, सॅनिटायझर लावलेले हात तर मुळीच नकोत. पाण्याची बादली जवळ हवी. गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच भरा. पेटलेल्या मेणावर मात्र पाणी ओतू नका, ताटली झाका.

फरशीवरचं मेण बर्फ लावून जुन्या कार्डाने खरवडा. कपड्यावरचं, वर्तमानपत्र ठेवून इस्त्रीने.